वरची जागा

चीनची लढाई पेटली होती. रहिमतपूरजवळच्या त्या गावात हिमालयाला कुणी हिमालय म्हणत नसे, नुसतं 'वर' म्हणत. गावातली तीन पोरं वर गेली होती आणि दिवाळी सरता सरता त्यातल्या एकाच्या मरणाची तार आली होती. बनुबाईचा मानसिंग अजून बेळगावलाच पल्टनीत होता, तेवढ्यावर तिचा जीव तगून होता.

अशात एक पोलीस हवालदार चौकशीला दारात आला.

"मावशी, तुमच्या मानसिंगला वर घ्यायचं चाललंय. वागणुकीला कसा हाय त्यो?"

बनुबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. भरतीच्या वेळी अख्ख्या गावानं झाकलेली गोष्ट तिनं आपणहून बोलून टाकली.

"लय वंगाळ हाय, सायेब! बांधाच्या भांडणात सख्ख्या चुलत्याचं डोस्कं फोडलं हुतं त्यानं. सा म्हैने तुरुंगात हुता. असल्याला नगा घिऊ वर!"

हवालदारानं सगळं लिहून घेतलं आणि हळहळत उठला.

"काय केलंसा ह्ये, मावशी? पुण्याच्या वरच्या हापिसात गुप्त तारांच्या कामाला घेणार हुते त्याला. खुर्चीवरचं काम. आता ते न्हाई मिळायचं."

"न्हाई तर न्हाई. पोरगं घरी तर येईल न्हवं?"



"लढाईत घरी कोण सोडतंय? आता जाईल पल्टनीसंगं... वर."