चढावरचं दार

नवऱ्याच्या तेराव्यालाच धाकटा दीर, आदिनाथ, गाडीची चावी घेऊन गेला. "वहिनी, तुमाला कुठं चालवता येती?" म्हणाला.

केडगावच्या गॅरेजात त्यानं मागच्या ब्रेकचे कॅलिपर खोलून नवीन किट टाकून घेतलं. तेव्हापासून हँडब्रेक धरेना. त्याच्या दारात लावलेली गाडी जरा वेळानं माझ्या दारात दिसायची. मिस्त्रीनं पिस्टन पुन्हा बसवले, केबल आवळली. तरी तेच. "ब्रेक सैल असला की गाडी उताराला घरंगळनारच," मिस्त्री म्हणाला. माझं दार चढावर आहे, हे आदिनाथनं त्याला सांगितलं नाही.

आज दुपारी आपल्या दारात गाडीच्या चाकामागं दगड लावून तो माझ्याकडं भांडायलाच आला.

"वहिनी, तुमीच गाडी ढकलताय."

"व्हय. एकटीच ढकलते. चढाला."

तेवढ्यात बाहेर कर्रर्र असा आवाज झाला. हँडब्रेक एवढा करकचून फक्त माझा नवरा ओढायचा, पिऊन आल्यावर.

आदिनाथनं खिसा चाचपला. चावी खिशातच होती.

"दादा गाडीसाठी आलाय," तो पुटपुटला.

बाहेर गाडीचं दार उघडलं. मी सवयीनं लेकीला आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.