सगळं काही 'साफ'

चित्रकाराने स्वयंपाकघरात निळा रंग सांडला आणि बायकोने अबोला धरला. तिसऱ्या दिवशीही माफी मागायला त्याच्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून त्याने चिठ्ठीवर 'माफ कर' लिहिलं, तिची झेरॉक्स काढली, झेरॉक्सचा मोबाइलवर फोटो घेतला, फोटो बघून कोळशाने चित्र काढलं आणि चारही गोष्टी ओळीने प्रदर्शनात टांगल्या. निरोप माध्यमागणिक कसा बदलतो, हे लोकांना दिसत होतं. शेवटच्या चित्रात 'म'चा चक्क 'स' झाला होता. जाणकारांनी माना डोलावल्या.

पुढच्या दाराशी गर्दी होती, म्हणून बायको मागच्या दाराने आली. समोरच कोळशाचं चित्र.

"साफ कर? सांडायचं तुम्ही आणि वर चारचौघांत हुकूम मला?"

"अगं, तू उलट्या बाजूने आलीस. आधी ती पहिली चिठ्ठी बघ."

ती चिठ्ठीपाशी गेली, चष्मा पुसून बराच वेळ वाचत राहिली आणि परत आली.

"तिथेही साफच लिहिलंय. काय ते तोंडाने सांगा. लग्नाआधीची तुमची पत्रंसुद्धा मी अंदाजानेच वाचली होती."