खालून चकाचक

जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सासऱ्यांची गाडी उतारावरून थेट बागेच्या कारंज्यात गेली. पण सासऱ्यांच्या मते असं काही झालंच नव्हतं. "जरा धुवायला घेतलीय," सासरे स्टिअरिंग न सोडता बघ्यांना सांगत होते. गाडीचं नाक पाण्यात होतं आणि मागची चाकं हवेत.

जावई धावत आला. या गाडीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना, आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं ऑइल झिरपून नेमकं त्याच ब्रेकवर उतरायचं. ते ऑइल अडवणारी रबरी सील जावयाने किती बदलली, गणती नाही. नवं सील बसलं की गळती चार दिवस रुसायची, मग माहेरी आल्यासारखी हजर. सासऱ्यांना दर रविवारी जेवताना तोंडी लावायला हाच विषय.

"जावईबापू, तुमच्या हाताला काही गुणच नाही," ते आताही वरून म्हणालेच. मांडवातल्या परीक्षकांनी ऐकलं. जावयाच्या बायकोनेही ऐकलं.

जावई गाडीखाली वाकला. चाकांतून ऑइल ठिबकत होतं. अ‍ॅक्सलच्या पाठीवर तापलेली हवा बाहेर पडायला एक बारीक भोक असतं. ते बुजलं, की कोंडलेली हवा ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. त्याने चाचपलं. भोकाच्या जागी गुळगुळीत, दाट काळा रंग लागला. त्याने नखाने खरवडला.

फुस्स!

"हे बुजवलं कोणी?"

"मीच की!" सासऱ्यांची छाती फुगली. "दर वर्षी एक हात मारतो. एवढ्या देखण्या गाडीला भोक बरं दिसतं का?"

जावई ताठ उभा राहिला. इतक्या वर्षांचा डाग एका नखाने निघाला होता. त्याने मोठ्या आशेने परीक्षकांकडे पाहिलं. ते चष्मे सावरत गाडीच्या पोटाखाली बघत होते.

"वा! खालून इतकी चकाचक गाडी आजवर कुणी दाखवलीच नव्हती," मुख्य परीक्षक म्हणाले आणि पहिलं बक्षीस तिथेच जाहीर झालं.

"बक्षिसाच्या रंगाला नख लावलंत?" घरी आल्यावर सासरे कडाडले. त्यांनी ब्रश आणला, भोक पुन्हा बुजवलं आणि मायेने फुंकर मारली. "आता सील तेवढं नीट बसवा."

जावयाने सील बसवलं. मग हात पुसून समितीला अर्ज लिहिला: "पुढील वर्षीच्या स्पर्धेपूर्वी कारंज्यातील पाणी काढून तळाशी गाद्या अंथरण्यात याव्यात, ही नम्र विनंती."