जरा रागानं

"सुनेला तिच्याच भाषेत खडसवायचंय. किती दिवसांत जमेल?" टेलरबाईंनी फोनवर पहिलाच प्रश्न टाकला.

पलीकडे शिकवणीच्या बाई हसल्या. "राग किती आहे, त्यावर."

राग भरपूर होता. एकुलत्या एका मुलानं परदेशात परस्पर लग्न उरकलं होतं. तेव्हापासून टेलरबाईंनी सुनेचा फोटो पाहिला नव्हता की आवाज ऐकला नव्हता. आता मात्र त्या निघाल्या होत्या. दारातच तिला सुनावायचं आणि मुलाला तिथल्या तिथे विचारायचं, "माझ्याबरोबर येतोस की नाही?"

शिकवणीचा नंबर लेकीनं शोधून दिला होता. बाई फक्त फोनवर शिकवत आणि टेलरबाईंची भाषा तोडकीमोडकी बोलत.

"मी पण शिकते तुमची भाषा," त्या म्हणाल्या. "तुम्ही चुका, मी चुकते. फिट्टंफाट!"

टेलरबाईंना हसू फुटलं. हा शब्द हिनं कुठून उचलला, कोण जाणे.

भाषा भराभर चढू लागली. टेलरबाई मशीनला परक्या भाषेत दटावत, तुटलेल्या दोऱ्याला नावं ठेवत, गिऱ्हाइकाच्या दंडाचं माप परक्या आकड्यांत पुटपुटत. लेक म्हणाली, "आई, भांडायला निघालीस की लग्नाला?"

"गप गं. धडा राहिलाय माझा."

एकच खोड जाईना. ओठांत टाचण्या धरून बोलायची जन्माची सवय. त्यामुळे वाक्यातला शेवटचा शब्द तोंडातच राही. तो राहिला की पलीकडून टेबलावर पेन्सिल वाजे. टक टक.

शेवटी मुख्य वाक्याची पाळी आली. "माझ्या मुलाला माझ्यापासून तोडणारी तू कोण?"

टेलरबाईंना वाटलं, फोन कट झाला. मग आवाज आला. टक टक.

"शेवटचा शब्द गिळलात. पुन्हा. आणि जरा रागानं."

विमानतळावर मुलानं मिठी मारली. गाडीत टेलरबाई ओठ हलवत वाक्य घोकत होत्या. अगदी परीक्षेला चाललेल्या हुशार पोरीसारख्या.

जिना चढताना मुलगा मागून म्हणाला, "आई, आल्या आल्या नको हं."

"तू बॅगा सांभाळ."

बेल वाजली. दार उघडलं. कपाळावर पिठाचा डाग, केसांच्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, अशी एक सडपातळ मुलगी समोर उभी होती. टेलरबाईंनी श्वास भरून घेतला आणि अख्खं वाक्य एका दमात तोंडावर फेकलं. फक्त शेवटचा शब्द तेवढा ओठांत अडकला.

सुनेनं अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि दाराच्या चौकटीवर आपटली. टक टक.

"पुन्हा, आई," ती म्हणाली. "आणि जरा रागानं."