सतराव्या क्रमांकाची संगीन

'संग्रहातील सर्व पस्तीस पाती मूळ अवस्थेत असून त्यांस उघड्या हाताचा स्पर्श झालेला नाही.' लिलावघराच्या यादीवर हे वाक्य ठळक अक्षरांत छापलेले होते आणि त्याखाली संग्राहकाची सही होती.

वाक्य सभ्य होते आणि सपशेल खोटे होते. संगीन बंदुकीच्या टोकाला लावून जे धावत सुटले, त्यांना कोणी पांढरे हातमोजे वाटले नव्हते. 'मूळ अवस्था' याचा अर्थ इतकाच, की ती कोणाच्या बरगड्यांतून बाहेर आली हे आता दिसत नाही. ज्या पात्यावरून माणूस पुरता पुसला गेला आहे, त्याला या व्यवसायात निर्दोष म्हणतात आणि त्याचे कौतुक करतात.

लिलावघराची पारखी सकाळपासून हेच निर्दोषत्व तपासत होती. जेवणाच्या टेबलावर पांढरे कापड अंथरले होते. संग्राहक हातमोजे घालून एकेक पाते दोन्ही हातांवर तोलत आणी आणि तिच्यासमोर ठेवी. ती भिंग लावून मूठ, धार, पाठ पाहत असे आणि यादीत खूण करीत असे. पलीकडे त्याची धाकटी बहीण कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. सोमवारी त्याला वृद्धाश्रमात जायचे होते, आणि तिथल्या नियमावलीत फळे कापायच्या सुरीलाही मनाई होती.

"स्वयंपाकघरातली सुरी बघा याची," बहीण पारखीला म्हणाली. "टोमॅटो कापत नाही, नुसता चेपते. आणि यांना दर महिन्याला तेल-मालिश! बाळंतिणीचे झाले नसतील एवढे लाड या लोखंडाचे झालेत या घरात."

"पोलाद," तो म्हणाला.

"बरं बाबा, पोलाद. कुणी पाहुणा आला की हेच विचारत आलास ना, चहा घेता की पोलाद बघता?"

पारखी हसली. तो हसला नाही. सोळावे पाते त्याने परत घेतले आणि अठरावे समोर ठेवले.

"सतरा राहिली, काका."

"ती चुकून आलीय यादीत."

"यादी तुम्हीच दिलीत. सहीसुद्धा तुमचीच आहे."

तो कपाटाकडे गेला. यायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. संगीन त्याने म्यानातून स्वतः काढली आणि पारखीच्या हातात न देता कापडावर ठेवली.

मुठीपासून चार बोटांवर, पात्याच्या सपाट अंगावर, तपकिरी डाग होता. पारखीने भिंग खाली नेले. डाग लंबगोल होता आणि त्यात रेषा होत्या. एकात एक फिरत गेलेल्या, मधोमध स्वच्छ चक्र. गंजाने अंगठा उतरवून घेतला होता.

"हा हाताचा घाम," ती म्हणाली. "त्याच दिवशी तेलाचा बोळा फिरवला असता तर गेला असता. किती वर्षं झाली?"

"अकरा."

"अकरा वर्षं हिला तेल नाही? आतापर्यंतची सगळी पाती आरशासारखी, आणि हिच्याच वाट्याला हे?" तिने भिंग खाली ठेवले. "राग मानू नका, काका, पण ही शुद्ध हयगय आहे."

या लोकांत यापेक्षा मोठी शिवी नाही. त्याने ती मान खाली घालून ऐकली.

"आमचा कारागीर दुपारभरात काढून देईल. कुणाला पत्ता लागणार नाही."

"नको."

"मग आहे तशीच विकू म्हणता? गंज थांबत नसतो. तीन-चार वर्षांत तो पसरणार, ठसा त्यातच बुडणार. मग ना पातं ना ठसा."

"तीन-चार?" त्याने विचारले. "नक्की?"

"पाच धरा."

बहीण हात पुसत आली. तिने भिंग उचलले आणि बराच वेळ खाली वाकून पाहिले.

"दादा," ती म्हणाली, "हा तुझा अंगठा नाही. एवढासा आहे." भिंग तिने हलकेच कापडावर टेकवले. "तुझ्या पोरीचा आहे."

डाव्या हातमोज्याची बोटे त्याने एकेक करून नीट ओढून घेतली.

"तिला फोन कर."

"नंबर बदललाय तिनं."

"नवा माझ्याकडे आहे. सहा वर्षं झाली." बहिणीचा आवाज चढला नाही. "एकदा तरी मागितलास?"

पारखीला अशा घरगुती गोष्टी नित्याच्या होत्या. संग्रह मोडताना माणसे बोलतात. तिने यादीचा कागद त्याच्याकडे फिरवला. सतराव्या ओळीपुढे 'दोषाचे कारण' असा रकाना होता आणि तो विकणाऱ्याने आपल्या हाताने भरायचा असे.

"इथं लिहा, काका. हयगय म्हणून लिहिलंत तरी चालेल. एका शब्दात भागतं."

त्याने उजवा हातमोजा काढून टेबलावर ठेवला. रकाना अपुरा पडला, म्हणून त्याने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले:

'हयगय झालेली नाही. मुलगी घर सोडून निघाली तेव्हा सामानाच्या खोक्याची सुतळी तिने या संगिनीने कापली. तिला थांब म्हणायचे सोडून मी हातमोजे कुठे आहेत असे विचारले. चौतीस पात्यांना दर महिन्याला तेल लावत आलो. हिला लावले असते तर अंगठा निघून गेला असता, म्हणून लावले नाही.'