स्वच्छ आवाज

टेबलावरचा फोन थरथरला, तसा बशीतला चमचा किणकिणला. जुसारानं झडप घालून तो उचलला. सकाळपासून तिच्या घरभर येरझारा चालल्या होत्या.

"ऐकू येतंय का गं?"

वाल्दो. शेजारच्या खोलीतून बोलावं इतका स्वच्छ आवाज.

तो खोल समुद्रातला पाणबुड्या; तीन आठवडे जहाजावरच्या पोलादी खोलीत कोंडलेला होता. समुद्राच्या तळाइतका दाब आणि हवेत हेलियम. तिथे माणूस बोलला की बदकासारखं ऐकू येतं. आता दाब थोडाथोडा उतरवत होते. शनिवारी दार उघडणार होतं, रविवारी त्यांच्या लेकीचा, ताइनाचा वाढदिवस.

"नवीन यंत्र बसवलंय, वहिनी," खोलीबाहेर पहाऱ्याला बसलेले दाल्मोभाऊ मध्येच बोलले. फोन त्यांच्यासमोरूनच जायचा. "आता पाण्यातही पोरांना एकमेकांचं नीट कळतं. तुमचा नवरा रेडिओवर बातम्या द्यायला मोकळा!"

"बरा आहेस ना?" तिनं विचारलं.

"ठणठणीत."

इतका सपाट तो कधी बोलत नसे.

"दाल्मोभाऊ, यंत्र जरा बंद करा."

"अहो, वर्षभर भांडून मिळवलंय ते!"

"एक मिनिट. पोरीला बदक ऐकायचंय."

खट्ट झालं. बदक बोलू लागलं, फोनला कान लावलेली ताइना खिदळली. जुसारा डोळे मिटून ऐकत होती. नऊ वर्षांत हे बोलणं तिच्या कानात मुरलं होतं. दर दोन शब्दांनंतर त्याचा श्वास अडत होता. यंत्र नेमकं तेवढंच गाळून टाकत होतं.

"खांदा?" तिनं हळूच विचारलं.

"गप्प बस," बदक पुटपुटलं. "सांगितलं तर परत दाब चढवतील, आठवडा जाईल. रविवारी पोरीजवळ असायचंय मला."

"काय म्हणतोय हो?" दाल्मोभाऊ हसत होते. "मला तर एक अक्षर कळलं नाही."

गेल्या वर्षी त्याच्या जोडीदारानं, सेवेरिनोनं, दाब उतरतानाचं दुखणं असंच लपवलं होतं. अजून त्याच्या शर्टाची बटणं त्याची बायको लावते.

जुसारानं फोन दोन्ही हातांनी धरला.

"त्याचा खांदा दुखतोय, भाऊ. त्याला इतक्यात बाहेर काढू नका."

पलीकडे बदक ओरडत सुटलं. मग फोन बंद झाला.

ताइनाचं हसू केव्हाच थांबलं होतं.

"आई, तुला बाबा यायला नकोत?"