अश्वगंधेची जुडी

बाबा पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात अडकले. हात लटलट कापत होते अन् पाय खिळे ठोकल्यासारखे फरशीला चिकटलेले.

"बाबा, उचला ना पाय!"

"उचलूनच राहिलो, बेटा. तो ऐकत नाही."

क्षमानं घड्याळ पाहिलं. सदर बाजारातल्या कापडाच्या दुकानात तिला कामासाठी अकराला बोलावलं होतं. दहावीत शाळा सुटली तेव्हापासून ती या दोन खोल्यांत, बाबांच्या मागं. पार्किन्सन. दार आलं की पाय थिजलेच. एकटं सोडलं की पडलेच.

डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, पण आईचा सारा जीव पुरानी बस्तीतल्या भैय्यालाल जडीबुटीवाल्याच्या अश्वगंधेत. वीतभर लांब, काड्यांसारख्या मुळ्या. आताही ती नवी जुडी आणायलाच गेली होती. मुळ्या कुटायचं काम क्षमाचं. कुटून कुटून तिच्या तळहाताला घट्टे पडले, बाबांचा पाय तसूभर सुटला नाही.

"तू जाय. मी उभा राहतो."

"काल बी असंच म्हटलं. पडले मंग!"

"नाव क्षमा ठेवलं तुझं," बाबा हसले. "गलतीच झाली."

तिचं डोकं सटकलं. टेबलावरची जुनी जुडी उचलून तिनं दाणकन खाली आपटली. सुतळी तुटली, मुळ्या बैठकभर पसरल्या.

"घ्या तुमचं औषध!"

एक मुळी बरोबर बाबांच्या अंगठ्यापुढं आडवी पडली होती. बाबा त्या मुळीकडे पाहत राहिले.

"औषधाले पाय नाही लावत, बेटा," ते म्हणाले. अन् पाय उचलून त्यांनी मुळीच्या पलीकडे ठेवला.

मग दुसरी ओलांडली. तिसरी. मुळ्या संपल्या तिथं पाय पुन्हा चिकटले. क्षमानं मागची एक उचलून पुढं आडवी ठेवली. पाय उठला.

आई आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाबा बाहेरच्या दारात उभे होते, भिंतीला हात न लावता.

"अगं बाई, चालून राहिले! मी म्हटलं नव्हतं का, या मुळ्यांनी गुण येते म्हणून?"

क्षमा उंबऱ्याशी गुडघ्यावर बसली होती. अंगणाकडे पाहत तिनं आईपुढं हात पसरला.

"हव, गुण येते. पण आता कुटायच्या नाही. नवी जुडी दे इकडे, फाटकापर्यंत पुरल्या पाहिजे."